चिंतामणराव देशमुख आणि रिझर्व्ह बँक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेवाले, बँकेतले लोक, जुन्या नोटा जमवणारे आणि रायगडकडचे वाचक, या सगळ्यांकडून सी. डी. देशमुखांबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी केलंय. बहुतेकांना त्यांचा मुंबईसाठीचा राजीनामा माहीत असतो. पण रिझर्व्ह बँकेतली त्यांची दहा वर्षं फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते आपल्या खिशाशी ज्याचा आजही संबंध आहे ते काम त्या दहा वर्षांतलंच आहे. त्यामुळे इथे भर त्यावर आहे.

१. सी. डी. देशमुख कोण होते, थोडक्यात सांगा ना.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, निधन २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला. आयसीएस (इंग्रजांच्या काळातली वरिष्ठ सनदी सेवा) अधिकारी, मग रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (११ ऑगस्ट १९४३ ते ३० जून १९४९), मग देशाचे अर्थमंत्री (१९५० ते १९५६), त्यानंतर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ ला मॅगसेसे, १९७५ ला पद्मविभूषण.

२. गाव नक्की कुठलं, महाड की रोहा?

जन्म महाडजवळच्या नाते गावचा, आणि देशमुख घराणं रोह्याचं. म्हणून दोन्हीकडचे लोक ‘आमचे’ म्हणतात आणि दोघांचंही बरोबर आहे. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आज रायगड. १९५२ ला लोकसभेवर निवडून आले तेही कुलाब्यातूनच.

३. ते अर्थशास्त्राचे पदवीधर होते का?

नाही! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून लोक चकित होतात. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप त्यांना मिळाली. मग केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेऊन १९१७ ला पदवी, त्यात वनस्पतीशास्त्राचं बक्षीस. १९१८ ला लंडनला आयसीएस दिली, त्यात पहिले आले.

पैशाचं शिक्षण नोकरीत झालं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नेमणूक मिळाली, तिथे महसूल, जमाबंदीचं काम आणि पुढे प्रांताचे अर्थसचिव. जमाबंदी म्हणजे जमिनीचा कस, पीक, पाणी बघून सारा ठरवायचा, गावोगाव फिरायचं, शेतकऱ्याचं म्हणणं ऐकायचं आणि तलाठ्याच्या दप्तरातला आकडा शेताच्या बांधावर उभं राहून तपासायचा. कागदावर लिहिलंय म्हणून खरं धरायचं नाही, जाऊन बघायचं, ही सवय तिथली आहे असं मला वाटतं. पुढे बँकांच्या बाबतीत त्यांनी तपासणीचा अधिकार इतका लावून धरला (प्रश्न ८) तो मला त्याच सवयीचा भाग वाटतो.

४. टिळकांनी त्यांना ‘सरकारी नोकरी सोडू नको’ असं सांगितलं होतं हे खरं का?

हो. आयसीएस झाल्यावर इंग्रजांची नोकरी करावी की नाही अशी घालमेल होती, लोकमान्य तेव्हा लंडनलाच होते आणि देशमुख त्यांना भेटले. स्वराज्य आलं की राज्यकारभाराचा अनुभव असलेली माणसं लागतील, तेव्हा नोकरीत राहा, असा टिळकांचा सल्ला होता. पुढे तसंच झालं.

५. आयसीएसमधला माणूस रिझर्व्ह बँकेत कसा पोचला? परीक्षा होती का?

परीक्षा वगैरे काही नाही. जुलै १९३९ मध्ये सरकार आणि बँक यांच्यामधले संपर्क अधिकारी म्हणून पाठवले गेले, तीनेक महिन्यांत केंद्रीय मंडळाचे सचिव झाले, १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर. गव्हर्नर सर जेम्स टेलर फेब्रुवारी १९४३ मध्ये वारले, आणि ऑगस्टमध्ये देशमुखांची नेमणूक झाली.

तारखा जरा जोडून बघा. जुलै १९३९ ला आले आणि सप्टेंबरला महायुद्ध पेटलं. परकीय चलनावर नियंत्रण आलं, त्यासाठी बँकेत नवीन विभाग सुरू करावा लागला, सरकारचा खर्च वाढला, नोटांची छपाई वाढली. शांत काळात सेंट्रल बँक कशी चालते हे बघायला त्यांना दोन-अडीच महिनेसुद्धा मिळाले नाहीत.

६. पहिले गव्हर्नर की पहिले भारतीय गव्हर्नर?

पहिले भारतीय, एकूण तिसरे. पहिले सर ऑस्बोर्न स्मिथ (१९३५ ते १९३७), दुसरे टेलर, तिसरे देशमुख. परीक्षेत ‘पहिले गव्हर्नर’ विचारलं तर स्मिथ लिहा.

७. तेव्हा रिझर्व्ह बँक खासगी होती ना? मग देशमुखांना सरकारी नियामक कसं म्हणता?

प्रश्न एकदम योग्य आहे. १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली ती भागधारकांची, ५ कोटी रुपये भांडवल, शंभर रुपयांचा एक शेअर. पण गव्हर्नर सरकार नेमायचं, नोटा काढायचा हक्क कायद्यानं दिलेला, सरकारची खाती बँकेकडे. म्हणजे मालकी लोकांची आणि काम सरकारी असा प्रकार होता.

१ जानेवारी १९४९ ला राष्ट्रीयीकरण झालं, शंभराच्या शेअरला ११८ रुपये १० आणे भरपाई दिली गेली. म्हणजे भागधारकांच्या बँकेचे शेवटचे गव्हर्नर देशमुख आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे पहिले गव्हर्नरही देशमुखच, दारावरची पाटी बदलली पण खुर्चीवरचा माणूस तोच. त्यांनी जून १९४९ पर्यंत थांबून ही अदलाबदल नीट लावून दिली.

८. ‘बँकांना शिस्त लावली’ असं सगळे लिहितात. म्हणजे नेमकं काय केलं?

उत्तर लांब आहे.

आधीची परिस्थिती अशी की बँकांसाठी वेगळा कायदाच नव्हता, कंपनी कायद्यातली थोडी कलमं होती तेवढ्यावर भागायचं. शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकांनी मागणी ठेवींच्या (हव्या तेव्हा काढता येणाऱ्या) ५ टक्के आणि मुदत ठेवींच्या २ टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची एवढं बंधन. बाकीच्या शेकडो लहान बँका कोण चालवतंय, पैसा कुठे गुंतवलाय, याचा पत्ता नाही. १९३८ ला दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली तेव्हा हे उघडं पडलं. टेलरांनी १९३९ ला बँकांसाठी स्वतंत्र कायद्याचा प्रस्ताव मांडला पण युद्धामुळे तो बाजूला पडला.

युद्धात पैशाचा पूर आला आणि बँकांचं पीक आलं. बाजारात नोटा भरपूर, ठेवी सहज मिळतात, म्हणून कुणीही उठून बँक काढतोय, भांडवल नावापुरतं, गावोगाव शाखा, आणि संचालक स्वतःच्याच धंद्याला कर्ज देतायत. ठेवीदार बिचारा पाटी बघून पैसे ठेवतोय. देशमुख गव्हर्नर झाले तेव्हा हे चित्र होतं आणि त्यांच्या हातात ते थांबवायचा कायदेशीर अधिकार जवळपास नव्हता.

त्यांनी पूर्ण कायद्याची वाट बघत न बसता टप्प्याटप्प्यानं अधिकार मिळवत नेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये बँकिंग विधेयक मांडलं गेलं, ते रेंगाळलं. १९४५ ला रिझर्व्ह बँकेत बाकीच्या बँकांवर लक्ष ठेवायला वेगळा विभाग सुरू झाला, त्याच वर्षी संशोधन आणि आकडेवारीचाही, कारण आकडेच नसतील तर लक्ष कशावर ठेवणार. १९४६ ला वटहुकूम निघाला आणि सरकारनं सांगितल्यावर बँकांची तपासणी करता येऊ लागली. त्याच वर्षी शाखा उघडण्यावर बंधन घालणारा कायदा. पुढच्या दोन-तीन वर्षांत बंगालमध्ये एकामागून एक बँका अडचणीत आल्या आणि कायदा लांबवणं कुणालाच परवडेना.

शेवटी बँकिंग कंपनी कायदा १६ मार्च १९४९ ला लागू झाला. त्यात काय होतं ते बघा: धंद्याला लायसन्स लागेल, किमान भांडवल लागेल, शाखेला परवानगी लागेल, संचालकांना विनातारण कर्ज नाही, नफ्यातला पाचवा हिस्सा राखीव निधीत, एकूण देण्यांच्या २० टक्के रक्कम रोख, सोनं किंवा मान्य रोख्यांत (आज ज्याला एसएलआर म्हणतो त्याचं मूळ हेच), आणि रिझर्व्ह बँकेला कुठल्याही बँकेची वही कधीही उघडून बघायचा हक्क. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. बाकीचे नियम कागदावर पाळता येतात, तपासणीला माणूस दारात येतो.

हे त्यांनी एकट्यानं केलं असं मी म्हणत नाही, टेलरांचा मसुदा होता, बँकेतले अधिकारी होते, कायदेमंडळ होतं. पण पाच-साडेपाच वर्षं तो विषय मरू दिला नाही हे श्रेय गव्हर्नरचं आहे.

आणि बँका बुडायच्या थांबल्या का? नाही. १९६० ला लक्ष्मी बँक आणि पालाई सेंट्रल बँक बुडाल्या, मग १९६२ पासून ठेव विमा (बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे) आला, सुरुवातीला फक्त १,५०० रुपयांचा. सहकारी बँकांचा वेगळाच प्रश्न आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

९. १९४६ ची नोटबंदी त्यांनी केली ना?

ते गव्हर्नर होते हे खरं, पण निर्णय सरकारचा. १२ जानेवारी १९४६ च्या वटहुकुमानं ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या. अंमलबजावणी मात्र बँकेच्या गळ्यात आली. गंमतीचा योगायोग बघा, हजार आणि दहा हजारच्या नोटा १९५४ ला परत आल्या तेव्हा अर्थमंत्री देशमुखच होते.

१०. ब्रेटन वूड्सला ते काय करायला गेले होते?

जुलै १९४४, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचं एक हॉटेल, ४४ देश. इथे आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) आणि जागतिक बँक ठरली. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन, सोबत देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ वगैरे.

भारताचं दुखणं स्टर्लिंगचं, म्हणजे ब्रिटिश पौंडाचं होतं. युद्धात ब्रिटननं इथून माल उचलला आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडात खात्यावर मांडून ठेवले, त्या पौंडांच्या आधारावर इथे रुपये छापले गेले. चलनातल्या नोटा युद्धाच्या वर्षांत सहा पटींच्या आसपास वाढल्या आणि महागाईनं सामान्य माणसाचं कंबरडं मोडलं. युद्धाच्या शेवटी ब्रिटन आपलं १०० कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होता. त्यातला थोडा भाग तरी आयएमएफमार्फत मोकळा करून द्या ही भारताची मागणी, ती मान्य झाली नाही. पण आयएमएफमध्ये ४० कोटी डॉलरचा कोटा (सदस्य देशाचा वाटा) मिळाला, सहाव्या नंबरचा, आणि रशिया आत आला नाही म्हणून भारत पाचवा झाला आणि पहिल्या पाचांना मिळणारी कार्यकारी मंडळावरची जागाही मिळाली. पारतंत्र्यातल्या देशासाठी हे थोडंथोडकं नाही. १९५० च्या पॅरिसच्या वार्षिक बैठकीचे अध्यक्ष देशमुखच होते.

११. फाळणीनंतर रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही बँक होती हे खरं आहे?

हो, शंभर टक्के. ठरलं होतं की ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही देशांची सेंट्रल बँक एकच राहील. मग ५५ कोटींचा वाद झाला. पाकिस्तानच्या वाट्याच्या ७५ कोटींपैकी २० दिलेले, उरलेले काश्मीरच्या लढाईमुळे सरकारनं अडवले आणि गांधीजींच्या उपोषणानंतर जानेवारी १९४८ मध्ये दिले. विश्वास उडाल्यावर मुदत तीन महिने अलीकडे आली आणि १ जुलै १९४८ ला स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

पैसे अडवायचे की द्यायचे हे मंत्रिमंडळानं ठरवलं, गव्हर्नरनं नाही. पण एकमेकांशी लढणाऱ्या दोन सरकारांची खाती एकाच माणसाच्या सहीनं चालत होती, हे जरा डोळ्यासमोर आणा. दोन्हीकडून संशय, आणि तरी चलन कोसळू द्यायचं नाही. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात अवघड काळ असं माझं मत.

१२. माझ्याकडे त्यांच्या सहीची नोट आहे, त्यावर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ छापलंय. नकली आहे का?

त्या छपाईवरून नकली म्हणता येणार नाही. १९४८ ला पाकिस्तानात चालवायला रिझर्व्ह बँकेच्याच सहाव्या जॉर्जच्या नोटांवर पांढऱ्या जागेत इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव छापून दिलं होतं, खाली सही देशमुखांची. पण नंतर मागून छपाई मारलेल्या नोटाही बाजारात फिरतात, तेव्हा विकत घेण्याआधी जाणकाराला दाखवा. किंमत मी सांगत नाही, कृपया फोटो पाठवू नका.

उपप्रश्न: एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही का नाही? कारण एक रुपयाची नोट सरकार काढतं आणि तिच्यावर अर्थसचिवाची सही असते. आणि प्रत्येक गव्हर्नरची सही नोटेवर असतेच असं नाही. स्मिथ यांच्या सहीची नोट नाही, बँकेच्या नोटाच १९३८ पासून आल्या. १९५७ ला दीडेक महिना गव्हर्नर असलेले के. जी. आंबेगावकर यांचीही गव्हर्नर म्हणून सही नाही, पण ते आधी अर्थसचिव होते म्हणून एक रुपयाच्या नोटेवर सापडतील.

१३. इंग्रजांनी ‘सर’ केलं म्हणजे इंग्रजांचेच होते ना?

हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी रागानं पाठवतं. १९४४ ला नाईटहूड मिळाली हे खरं. पण माणूस कुणासाठी काम करत होता हे त्यानं टेबलावर काय मागितलं त्यावरून बघा, प्रश्न ८ आणि १० वाचा. आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी त्यांनाच ठेवलं, १९४९ ला अमेरिका-युरोपात देशाचे आर्थिक प्रतिनिधी म्हणून पाठवलं, १९५० ला नियोजन आयोगावर घेतलं आणि लगेच अर्थमंत्री केलं.

१४. गव्हर्नर आणि अर्थमंत्री दोन्ही झालेले ते एकटेच का? आणि राजीनामा कुठल्या पदाचा दिला?

एकटे नाहीत, डॉ. मनमोहन सिंगही (गव्हर्नर १९८२ ते १९८५, अर्थमंत्री १९९१ ते १९९६). देशमुखांच्या अर्थमंत्रीपदाच्या काळात १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि जानेवारी १९५६ ला आयुर्विमा कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या, त्यातून एलआयसी. नियामक म्हणून आतून जे बघितलं होतं ते मंत्री म्हणून कामी आलं हे इथे सरळ दिसतं.

राजीनामा मंत्रीपदाचा, जुलै १९५६. मुंबई केंद्रशासित करायच्या निर्णयाला विरोध म्हणून आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारली म्हणून. २५ जुलैला लोकसभेत निवेदन केलं, त्यात महाराष्ट्राबद्दल आकस आहे असं स्पष्ट बोलले. तोलून मापून बोलणाऱ्या अधिकाऱ्यानं हे सभागृहात उभं राहून म्हटलं म्हणून त्याचं वजन पडलं. गव्हर्नरपदाचा राजीनामा वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते चूक, तिथून ते मुदत संपल्यावर गेले.

१५. आज असं करिअर करायचं असेल तर रस्ता कुठला?

रिझर्व्ह बँकेत अधिकारी व्हायला ग्रेड बी परीक्षा, साधारण २१ ते ३० वय. तिथून वर चढत काही जण डेप्युटी गव्हर्नरपर्यंत जातात. डेप्युटी गव्हर्नर जास्तीत जास्त चार, प्रथा अशी की दोन आतले, एक व्यापारी बँकेतला, एक अर्थतज्ज्ञ. गव्हर्नर मात्र केंद्र सरकार नेमतं, एका वेळी पाच वर्षांपर्यंत, आणि आयएएस अधिकारीही बरेचदा येतात, म्हणजे देशमुखांचा रस्ता अजून चालू आहे. यूपीएससी करणाऱ्यांनी ठाण्यात महापालिकेची त्यांच्या नावाची प्रशिक्षण संस्था आहे तिथे चौकशी करावी. फक्त एक सांगतो, ‘मी कॉमर्सचा नाही’ म्हणून मागे हटू नका, प्रश्न ३ वाचा परत.

१६. १९४९ चा कायदा इतका चांगला होता तर सहकारी बँकांमध्ये लोकांचे पैसे का अडकतात?

कारण सहकारी बँका त्या कायद्यात नव्हत्याच. सहकार हा प्रांतांचा विषय, त्यांच्यावर निबंधक (सहकारी संस्थांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी), म्हणून १९४९ ला त्या बाहेर राहिल्या. १ मार्च १९६६ पासून त्या आत आल्या (तेव्हाच कायद्याचं नाव बँकिंग रेग्युलेशन अॅक्ट झालं), पण अर्ध्याच. बँकिंगचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आणि नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ निबंधकाकडे. दोन मालक, आणि काही बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. महाराष्ट्रात नागरी बँकांचं जाळं मोठं, त्यामुळे झळही इथेच जास्त. सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते, आयुष्याची पुंजी ठेवलेली म्हातारी माणसं शाखेबाहेर उभी होती. त्यानंतर २०२० ला कायदा बदलून रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले.

ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, व्याजासकट, आणि एका बँकेतल्या तुमच्या एकाच नावावरच्या सगळ्या खात्यांची बेरीज धरून. शाखा वेगळी म्हणून विमा वेगळा मिळत नाही. आणि सहकारी पतसंस्था म्हणजे बँक नाही, तिथल्या ठेवीला हा विमा लागूच नाही, तेव्हा पैसे ठेवण्याआधी पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’ ते नीट वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.